व्हिसाचं कूळ पाण्यावरचं

गुलबदन बेगम सुरतेत जवळजवळ वर्षभर अडकून पडली होती. बाबराची मुलगी, अकबराची आत्या. राजघराण्यातल्या बायकांना घेऊन ती १५७५च्या ऑक्टोबरात फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली. गुजरात अकबराने नुकताच जिंकला होता, म्हणजे सुरत बंदर तिच्या भाच्याच्याच राज्यात होतं. जहाजं होती, पैशाला तोटा नव्हता. अडलं होतं ते एका कागदावाचून, आणि तो द्यायचा अधिकार दिल्लीपतीकडे नव्हता, पोर्तुगिजांकडे होता. अखेर १५७६च्या ऑक्टोबरात जहाजं सुटली. त्या कागदाच्या बदल्यात दमणच्या बाजूचं एक गाव पोर्तुगिजांना द्यावं लागलं असं सांगतात.

त्या कागदाला कार्ताझ म्हणत. आज आपण ज्याला व्हिसा म्हणतो त्याचा खरा मूळपुरुष हा कार्ताझ, असं माझं ठाम मत आहे. व्हिसाचं मूळ वेशीवर, नाक्यावर किंवा सरहद्दीच्या चौकीवर शोधतात, आणि तिथेच शोध चुकतो. ते पाण्यावर शोधायला हवं.

रूढ वंशावळ थोडक्यात सांगतो. बायबलमधला नहेम्या इराणच्या बादशहाकडून सुभेदारांच्या नावे पत्रं घेऊन निघतो. इंग्लंडचा पाचवा हेन्री १४१४ साली अभयपत्रांचा कायदा करतो. फ्रेंच राज्यक्रांतीत प्रवाशांच्या कागदांवरून रण माजतं. मग पहिलं महायुद्ध येतं, सगळे देश दारं लावून घेतात, आणि १९२० साली राष्ट्रसंघाची पॅरिस परिषद पासपोर्टच्या बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरवते. या टप्प्यांत चुकीचं काही नाही. पण यातले बहुतेक कागद प्रवाशाच्या स्वतःच्या राजाने दिलेले आहेत: हा आमचा माणूस, याला सांभाळा. हे पासपोर्टचं घराणं झालं. व्हिसा वेगळा. तो परका देतो, आणि आपण घर सोडण्याआधी देतो.

माझ्या मताला खरा तगडा प्रतिस्पर्धी आपल्याच घरात आहे, तो म्हणजे कौटिल्य. र. पं. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी संपादलेल्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी भेटतो. एक माषक घेऊन तो मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा परवाना द्यायचा. मुद्रेशिवाय सापडलेल्या जनपदातल्या माणसाला बारा पण दंड, खोटी मुद्रा बाळगली तर त्याहून मोठा, आणि परक्याला सर्वांत जबर. मुद्रा तपासायचं काम विवीताध्यक्षाचं, म्हणजे कुरणांवर देखरेख करणाऱ्याचं. दंडाच्या या पायऱ्या इतक्या नेटक्या आहेत, की व्हिसाचा शोध इथेच लागला असं म्हणायचा मोह होतो. त्यात नावाध्यक्षाच्या प्रकरणात, नदीच्या उतारावर कोणाला अडवायचं त्या यादीत, विष बाळगणारा आणि लांबून आलेला वाटसरू यांच्याबरोबर मुद्रा नसलेलाही आहे. म्हणजे पाणीसुद्धा आलं!

तरीही कौटिल्याला मी हा मान देत नाही. तिथे पकडला जातो तो प्रवासी. दंड त्याचा, बेअब्रू त्याची. ज्याने नावेतून आणलं त्या नावाड्याला, मुद्रा नसलेला माणूस का चढवलास, असं कोणी विचारत नाही. आणि पाटलीपुत्राची मुद्रा हाती नाही म्हणून कोणी आपल्या गावात वर्षभर खोळंबून राहत नाही. माणूस निघतो, येतो आणि मग अडवला जातो. व्हिसाची खूण याच्या उलट आहे. माणूस निघायच्या आधीच अडतो, कारण त्याला नेणारा घाबरलेला असतो. ही भीती मला पहिल्यांदा स्पष्ट दिसते ती कार्ताझमध्ये.

वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीपासून, म्हणजे १५०२पासून, पोर्तुगीज हे परवाने देऊ लागले. पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाने इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या नौकानयनाचा स्वामी असा किताबच स्वतःला घेतला होता. समुद्र राजाचा, म्हणून त्यावरून जाणारा प्रत्येक जण परका. कार्ताझ नसलेलं जहाज दिसलं की ते मालासकट जप्त.

कार्ताझचा मजकूर वाचला की आजच्या व्हिसाचा अर्ज आठवल्याशिवाय राहत नाही. जहाजाचं नाव, ते केवढं, नाखवा कोण, तोफा-हत्यारं किती, कुठून निघून कुठे जाणार. कोणाला चढवायचं नाही तेही लिहिलेलं: तुर्क नकोत, हबशी मुसलमान नकोत. मग बंदी घातलेला माल: मिरी, दालचिनी, लोखंड, तांबं, सोरा, जहाजबांधणीचं लाकूड. वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. कार्ताझची फी किरकोळच असे, खरी कमाई त्या जकातीची. आदिलशहाने आणि निजामशहाने तहात दरसाल काही कार्ताझ फुकट पदरात पाडून घेतले होते. दाभोळ आणि चौलच्या व्यापाराचा श्वास त्यावर चालत होता.

आता या शब्दाच्या उगमाचा वाद, कारण त्यातच या युक्तीचं गोत्र दडलंय. एक बाजू म्हणते, पोर्तुगीज भाषेत कार्ता म्हणजे पत्र, त्याचंच हे पिल्लू. दुसरी बाजू अरबी किर्तास, म्हणजे कागद, याकडे बोट दाखवते. मी दुसऱ्या बाजूचा. पत्राला कार्ता हा शब्द घरात होताच, मग नवा कशाला घडवतील? आणि शेवटचा झ कुठून आला? किर्तासमध्ये त्याची जागा तयार आहे. परवाना घेणारे नाखवे अरबी-फारसी बोलणारे. त्यांना कळेल असं नाव या कागदाला बंदरातच पडलं असणार. दोन्ही शब्द मागे नेले की ग्रीक खार्तेसपाशी भेटतात ही गोष्ट वेगळी. त्याच वाड्यातून निघालेला आणखी एक शब्द आपण रोज वापरतो. बारूद कागदाच्या पुंगळीत भरत, तिला पोर्तुगीज कार्तुशु म्हणत, त्याचं मराठीत काडतूस झालं. कोकणच्या किनाऱ्यावर कार्ताझ आणि काडतूस एकाच गलबतातून उतरले. एक दाखवला नाही की दुसरं झाडलं जायचं.

या कागदावर धर्मशास्त्रही अडखळलं. अकबराच्या दरबारातला बदाउनी नोंदवतो, की मखदूम-उल-मुल्क या बड्या मौलवीने आता हज बंधनकारक नाही असा निर्वाळा दिला. खुष्कीने जावं तर इराणातल्या शियांच्या मुलखातून जावं लागतं, आणि समुद्राने जावं तर मेरी आणि येशूच्या तसबिरी छापलेला फिरंग्यांचा कागद जवळ बाळगावा लागतो, ही त्याची सबब. परक्याचा शिक्का अंगाला लावून घ्यायचा की प्रवासच सोडायचा, हा प्रश्न त्या माणसाने किती गंभीरपणे घेतला होता!

आणि कार्ताझ असूनही भरवसा नव्हता. १६१३ साली जहांगीरच्या आईचं, मरियम-उझ-जमानीचं, रहीमी हे जहाज तांबड्या समुद्राकडून परतताना पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडलं आणि शेकडो प्रवाशांसकट गोव्याला नेलं. कार्ताझ रीतसर होता. राग होता तो आदल्या साली सुवाळीला पोर्तुगिजांशी झुंजलेल्या इंग्रजांना मोगल जवळ करू लागले याचा. जहांगीरने जेझुइटांची चर्चं बंद करवली, दमणवर फौज पाठवली. दोन सत्तांचं बिनसलं की वैध कागद हातात असलेला प्रवासी मधल्यामधे सापडतो, हे तेव्हापासूनचं आहे.

मराठ्यांचा भाग माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. शिवछत्रपतींच्या काळात मराठी व्यापारी तारवंही पोर्तुगिजांचे कार्ताझ घेत. पण आरमार उभं राहिलं तसा हिशेब फिरला. आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. कौल घेतलेल्या सावकारी तारवांना उपद्रव देऊ नये, असा त्यात दंडक आहे. कौल देणारे आता आपण झालो होतो! कान्होजी आंग्र्यांनी तर दस्तकाचा, म्हणजे परवान्याचा, बडगाच उगारला. अलिबागचा कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या त्यांच्या ठाण्यांसमोरून जायचं तर सरखेलांचं दस्तक हवं. मुंबईकर इंग्रजांनी ते घ्यायचं नाकारलं आणि कान्होजींना चाचा ठरवलं. १७१३ साली कंपनीशी करार झाला, तरी कळीचा मुद्दा राहिलाच. जहाजावर इंग्रजी निशाण, पण माल दुसऱ्याच व्यापाऱ्याचा, तर दस्तक लागेल की नाही? कान्होजींचं म्हणणं, लागेल. इंग्रजांचं म्हणणं, निशाण आमचं ना, मग नाही.

इतिहासकार सुरेंद्रनाथ सेनांनी गेल्या शतकात मांडलं की कान्होजींची ही मागणी सार्वभौम सत्तेची होती, पोर्तुगीज आणि इंग्रज जे करत तेच ते करत होते. मी एक पाऊल पुढे जाईन. कार्ताझ पोर्तुगिजांनी समुद्रावर मालकी सांगून लादला. दस्तक त्या सत्तेने दिलं जिचा किनारा खरोखर तिच्या ताब्यात होता. आपल्या पाण्यात येणाऱ्या परक्याने आपली परवानगी घ्यावी, हा आजच्या व्हिसामागचा विचार लिस्बनपेक्षा अलिबागेत जास्त स्पष्ट दिसतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हरले. १७५६ साली मात्र पेशव्यांच्याच साथीने इंग्रजांनी विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि आंग्र्यांच्या दस्तकाचा दरारा संपला.

इथून पुढे दीडशे वर्षांची फट आहे. टीकाकार म्हणतील, बुडालेल्या दस्तकाचा आणि विसाव्या शतकातल्या व्हिसाचा संबंध काय? माझा कयास असा, की कागद गेला, पण युक्ती इंग्रजांच्या हाडीमाशी मुरली होती. हिंदी महासागरात त्यांनी दोनशे वर्षं पास दिले, पास मागितले, पास नाकारले. माणसाला गाठायचं तर जहाजवाल्याला धरा, हे त्यांना इथेच उमगलं. हजच्या जहाजांवरचे नियम, गिरमिटियांच्या जहाजांवरचे नियम, सगळ्यांत जबाबदार धरलेला आहे तो कप्तान आणि मालक.

आणि १९०८ साली ही युक्ती कॅनडात उघड झाली. हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन, त्याला साम्राज्याच्याच एका भागात यायला नाही म्हणणं अवघड. म्हणून नियम असा केला, की जन्मलेल्या किंवा नागरिक असलेल्या देशातून थेट, सलग प्रवासाने आणि तिथेच काढलेल्या तिकिटावर येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. नियमात हिंदुस्थानचं नावही नाही. पण हिंदुस्थानातून कॅनडाचं थेट तिकीट जहाज कंपन्यांनी विकायचंच नाही, अशी व्यवस्था झाली, आणि संपला विषय. बाबा गुरदित सिंगांनी त्यावर उपाय म्हणून अख्खं जहाजच भाड्याने घेतलं. कोमागाता मारू २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूवरला पोचलं. मोजक्यांना उतरू दिलं, बाकीच्यांना दोन महिने बंदरात कोंडून २३ जुलैला परत लावलं. कलकत्त्याजवळ बजबजला सप्टेंबरात ते लागलं तेव्हा गोळीबार झाला आणि माणसं मेली.

हिंदुस्थानात पासपोर्टची सक्ती लगेच मागोमाग, १९१७च्या नियमांनी आली, आणि १९२० साली कायदा झाला. अभ्यासक राधिका मोंगिया यांनी दाखवलंय, की कॅनडाला निघालेल्या हिंदी माणसांना रोखण्याच्या खटाटोपातून पासपोर्टला आजचं राष्ट्रीय रूप आलं. महायुद्धाला सगळं श्रेय देणाऱ्यांनी हे वाचावं. कागद मागायचं कारण युद्धाआधीच तयार होतं.

पुढचं झपाट्याने सांगता येतं. अमेरिकेने १८९१पासूनच, नाकारलेल्या प्रवाशाला जहाज कंपनीने स्वखर्चाने परत न्यावं असं ठरवलं होतं. १९२४च्या कायद्याने स्थलांतरितांचा व्हिसा परदेशातल्या वकिलातीतच घ्यायची सक्ती केली आणि व्हिसाशिवाय माणूस आणणाऱ्या कंपनीला दंड लावला. ब्रिटनने १९८७ साली अशा प्रत्येक प्रवाशामागे वाहतूक कंपनीला १,००० पौंड दंड ठेवला. आपण २००० साली तसाच कायदा करून एक लाख रुपये ठेवले.

म्हणूनच विमानतळावर व्हिसाची पहिली कसून तपासणी सरकारी माणूस करत नाही, चेक-इन काउंटरवरची मुलगी करते. तिच्यासमोर टिमॅटिक नावाची यादी असते, कोणत्या देशाला कोणते कागद लागतात त्याची. तिने मान डोलावली नाही तर बोर्डिंग पास निघत नाही, मग इमिग्रेशनचा शिक्का लांबच राहिला. दुबईला जाणाऱ्यांना ओके टू बोर्ड हे प्रकरण ठाऊक असेल. व्हिसा आला तरी एजंट तो विमान कंपनीकडे पाठवायचा, कंपनी तो पडताळून पीएनआरवर ओटीबी चढवायची, आणि तो चढला नसेल तर हातात व्हिसाची प्रिंट असूनही माणूस सहारवरून घरी. कार्ताझ जहाजाच्या नावाने निघायचा, व्यक्तीच्या नाही. ओटीबीतही परवानगी विमानाला असायची: याला चढवलंत तर तुम्हाला दंड नाही. हा पुरावा मला सर्वांत पक्का वाटतो.

२ एप्रिल २०२५पासून ब्रिटनने व्हिसा न लागणाऱ्या युरोपियनांनाही ईटीए नावाची आगाऊ परवानगी लावली आहे, आणि ती तपासायचं काम पुन्हा विमान, रेल्वे आणि जहाज कंपन्यांकडेच दिलं आहे. १९६१च्या १९ डिसेंबरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांतल्या अनेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, आणि ब्रिटनमधल्या स्विंडनला कोणी ना कोणी नातलग आहे. त्यांच्यापैकी कोणी आज चार दिवस भेटीला निघालं, की पोर्तुगिजांचा पासपोर्ट हातात धरून इंग्रजांचा परवाना आधी मोबाइलवर काढावा लागतो, आणि तो आहे की नाही हे दाबोळी किंवा मोपाच्या काउंटरवर विमान कंपनी पाहते.