पक्ष्यांची दृष्टी आणि मेंदू

पक्ष्यांची दृष्टी आणि मेंदू : डोळ्यांत शिरलेल्या प्रकाशातून वस्तू ओळखण्याची पक्ष्यांच्या मेंदूतील यंत्रणा. सस्तन प्राण्यांत हे काम मुख्यतः सहा थरांच्या बाह्यकात चालते. पक्ष्यांना असे बाह्यक नाही, म्हणून लुडविग एडिंगर यांच्या काळापासून त्यांचा अग्रमेंदू केवळ सहजप्रेरणांपुरता मानला गेला. रचना पाहून कुवत ठरवण्याची ही घाई होती. मेंदूतील वाटा तपासल्यावर ती टिकत नाही.

दोन्ही वर्गांत दृष्टिपटलापासून दोन वाटा निघतात. एक थॅलॅमसमार्गे अग्रमेंदूत जाते. पक्ष्यांत ती माथ्याजवळच्या ‘वुल्स्ट’ नावाच्या उंचवट्यात पोहोचते. दुसरी मध्यमेंदूतील टेक्टमचा वळसा घेऊन, थॅलॅमसमधल्याच रोटुंडस केंद्रकातून अग्रमेंदूत शिरते. फरक आहे तो रहदारीचा. माणसात पहिली वाट हमरस्ता. कबुतरासारख्या, डोळे बाजूला असलेल्या पक्ष्यांत दुसरी. विल्यम होडोस व हार्वी कार्टेन यांनी १९६६ मध्ये कबुतरांचे रोटुंडस निकामी केले, तेव्हा त्यांना उजेडातला फरक आणि आकृत्या ओळखणे जड गेले. मात्र हा भेद पक्षी विरुद्ध सस्तन असा सरळ नाही. घुबडाचे डोळे समोर असतात आणि त्याचे वुल्स्ट मोठे असते. पक्ष्यांत प्रत्येक डोळ्याची चेता जवळजवळ पूर्णपणे विरुद्ध बाजूला जाते. घुबडात थॅलॅमसनंतरचे काही तंतू पुन्हा बाजू ओलांडतात, तेव्हा कुठे दोन्ही डोळ्यांची माहिती वुल्स्टमध्ये एकत्र येते. वर्ग कोणता यापेक्षा डोळे कुठे आहेत आणि शिकार कशी होते, हे इथे अधिक बोलके ठरते.

मध्यमेंदूची वाट म्हणजे निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया, असा आक्षेप घेतला जातो. पण ती वाट टेक्टमपाशी संपत नाही. शिवाय शिगेरू वातानाबे व सहकाऱ्यांच्या १९९५ च्या प्रयोगात कबुतरांनी मोने आणि पिकासो यांची पूर्वी न पाहिलेली चित्रेही वेगळी केली. रंगावरून केली असतील, ही शंका रास्त आहे. परंतु रंग काढून टाकलेल्या चित्रांतही त्यांची निवड बरीचशी टिकली.

२०२० मध्ये कबुतर व गव्हाणी घुबडाच्या अग्रमेंदूत बाह्यकासारखी उभी-आडवी तंतुरचना आढळली. ती सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या समाईक पूर्वजाचा वारसा, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र २०२५ मधील भ्रूणविकासाच्या अभ्यासांत कोंबडी व उंदीर यांच्या अशा रचनेतील चेतापेशी वेगळ्या जागी, वेगळ्या क्रमाने घडताना दिसल्या. म्हणजे जोडणीतले हे साम्य, निदान काही भागांत, स्वतंत्रपणे आलेले असावे.