मराठी हॅम्लेट आणि वऱ्हाड

मराठीतील शेक्सपिअरचा इतिहास सहसा पुण्या-मुंबईच्या नाटकगृहांपासून सांगितला जातो आणि वऱ्हाडातील मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरील मोताळ्याचा मुलूख त्यात कोठेच येत नाही. तथापि, हॅम्लेट हे सूडनाट्य, म्हणजे खुनाचा बदला घेता घेता घेणाऱ्याचाही नाश ओढवणारी शोकांतिका, ज्या गोपाळ गणेश आगरकरांनी मराठीत आणले, ते वऱ्हाडातल्याच अकोल्याहून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले होते; तेथे त्यांना आधार देणारे विष्णु मोरेश्वर महाजनी हेही पुढे शेक्सपिअरचे अनुवादक म्हणून ओळखले गेले.

कोल्हापूरच्या दिवाणांवरील टीकेवरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांनी हा अनुवाद केला आणि १८८३ मध्ये तो ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाला. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, गाजवला.

या नाटकातील मध्यवर्ती प्रतीक विष हे आहे. राजाच्या कानात ओतलेले विष खोट्या बातमीच्या रूपाने साऱ्या राज्याच्या कानी जाते आणि अखेरीस तलवारीच्या टोकातून व पेल्यातून राजघराण्याकडेच परतते. विदूषकाच्या कवटीचे प्रतीक मात्र मराठी प्रेक्षकाला वेगळ्या वाटेने कळले असावे, कारण प्रेत पुरण्याऐवजी दहन करणाऱ्या समाजात थडगे खणताना ओळखीची कवटी हाती येत नाही; तरी त्या प्रसंगातून व्यक्त होणारी विरक्ती स्मशानवैराग्य म्हणून येथे आधीपासूनच परिचित होती.

सर्वांत अवघड प्रश्न राणीचा आहे. पतीच्या निधनाला दोन महिनेही झाले नसताना ती दिराशी विवाह करते आणि मुलाचा संताप खुनाइतकाच या विवाहावरही उसळतो, तर अनुवादक आगरकर हे विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. १८५६ च्या कायद्याने मान्य केलेला पुनर्विवाह उच्चवर्णीयांत तेव्हाही निंद्य होता, उलट वऱ्हाडातील अनेक शेतकरी जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत होती. त्या रीतीच्या बाजूने पाहिल्यास राणीचा दोष पुनर्विवाह हा नसून, सुतक फिटते न फिटते तोच केलेली घाई हा ठरतो. चंद्रसेनाच्या रागात न्याय किती आणि स्त्रीविषयीची चीड किती, हे या कसोटीवर अधिक स्पष्ट दिसते.

महाभारतावर वाढलेल्या प्रेक्षकाला सूड नवा नव्हता, नवी होती ती सूड घेणाऱ्याची चलबिचल. भीम प्रतिज्ञा करतो आणि ती पुरी करतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या १९०७ च्या नाटकात हाच भीम आला, प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली.