दगडाचा इतिहास, दोराचे विस्मरण

परभणी जिल्ह्याच्या स्थापत्याविषयी लिहिताना आपण जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे आणि बारव, तसेच गोदाकाठच्या धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर यांपाशी थांबतो. हे स्वाभाविक आहे. दगड टिकतो, आणि जे टिकते त्याचाच बहुधा इतिहास होतो. या बांधकामांत शिळेवर शिळा बसते व भार दाबाच्या रूपाने पायाकडे उतरतो. दगड दाब उत्तम सोसतो. ताण मात्र त्याला फारसा सोसवत नाही.

ताण पेलण्याची विद्याही याच मुलखात होती. अंबाडी पाण्यात कुजवायची, वाख काढायचा, पिळून त्याचे पेड करायचे आणि पेडांचा दोर वळायचा. एकेक तंतू आखूड व दुबळा असतो. पीळ बसला की घर्षणामुळे तंतू एकमेकांना धरून ठेवतात. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, गुरांचे दावे यांवाचून शेती अडली असती. गावगाड्यात हे काम प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते.

झुलत्या पुलात या दोन्ही विद्या एकत्र येतात. मनोऱ्यांवरून सोडलेला मुख्य दोर ताण सोसतो. त्याला टांगलेल्या उभ्या तारा रस्ता तोलतात. मनोरे दाब घेतात आणि दोराची टोके दोन्ही काठांवरील अवजड बांधकामात जखडलेली असतात. पेरू देशातील केस्वाचाका येथे गावकरी असा पूल दरवर्षी गवताच्या दोरांनी नव्याने बांधतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे (१८८३) मनोरे दगडी आहेत, तर चार मुख्य दोर जस्तलेपित पोलादी तारांचे. प्रत्येकात पाच हजारांहून अधिक तारा आहेत.

दगड उपेक्षा सोसतो, दोर सोसत नाही. गुजरातेतील मोरबीचा १८७९ सालचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ माणसे दगावली. तुटलेल्या मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या, असे चौकशीत आढळले.

दोर असा राबत्या हातांच्या देखभालीवर जगतो. केवळ शिलालेख आणि मंदिरे वाचून लिहिलेल्या इतिहासात त्या हातांना जागा मिळत नाही. त्यांचा पुरावा भाषेत शोधावा लागेल. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हेकट माणसाला लावून मोकळे होतो. तिच्यामागे असलेली दोराची जाण मात्र आपल्या अभ्यासाचा विषय झालेली नाही.