मुलांमधील रक्तक्षय: भिलाईतील पालकांसाठी माहिती

रक्तक्षय म्हणजे काय?

रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे म्हणजे रक्तक्षय किंवा ॲनिमिया. हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लोह लागते. मूल रोज पोटभर जेवत असले, तरी जेवणात मुख्यतः भातच असेल तर लोह कमी पडू शकते. त्यामुळे अंगाने बऱ्या दिसणाऱ्या मुलालाही रक्तक्षय असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार छत्तीसगडमधील 6 ते 59 महिने वयाच्या सुमारे 67 टक्के बालकांना आणि 15 ते 19 वर्षांच्या सुमारे 61 टक्के मुलींना रक्तक्षय होता.

कसे ओळखाल?

लवकर थकणे, धाप लागणे, चक्कर येणे, अभ्यासात लक्ष न लागणे, माती किंवा खडू खावासा वाटणे, नखे व पापणीची आतली बाजू फिकट दिसणे. ही लक्षणे हळूहळू येतात. मुलगी आळशी झाली असे समजून गप्प बसू नका, तपासणी करून घ्या.

मोफत काय मिळते?

2018 पासून सुरू असलेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात:

- 6 ते 59 महिने: लोहाचे सिरप 1 मि.ली., आठवड्यातून दोनदा
- 5 ते 9 वर्षे: गुलाबी गोळी, आठवड्यातून एक
- 10 ते 19 वर्षे: निळी गोळी, आठवड्यातून एक
- जंतनाशक औषध: 1 ते 19 वर्षे, वर्षातून दोनदा

गोळ्या शाळेत मिळतात. लहान बालकांसाठी आणि शाळा सुटलेल्या मुलींसाठी अंगणवाडीत किंवा मितानिनकडे विचारा. महाराष्ट्रात जे काम आशाताई करतात, तेच इथे मितानिन करतात.

गोळी कशी घ्यावी?

गोळी घेतल्यावर मळमळते किंवा शौचाला काळी होते, म्हणून अनेक मुली ती टाकून देतात. लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो, त्याने अपाय होत नाही. मळमळ टाळण्यासाठी गोळी जेवणानंतर घ्या. गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा किंवा दूध देऊ नका. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. ताप किंवा जुलाब असताना गोळी थांबवा आणि बरे वाटल्यावर पुन्हा सुरू करा. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एकदम जास्त गोळ्या खाल्ल्यास जिवाला धोका असतो.

घरचा आहार

शेवग्याचा पाला (इथली मुनगा भाजी), लाल भाजी, डाळी, चणे, तीळ, अंडी, मासे यांपैकी काहीतरी रोज ताटात असू द्या. पोषणयुक्त तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे असतात. ते प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड व जीवनसत्त्व बी-12 मिसळून ते बनवतात. निवडून फेकू नका.

गोळ्या घेऊनही फरक नसेल तर?

सिकलसेलची तपासणी करा. हा आनुवंशिक आजार छत्तीसगडमध्ये तसेच विदर्भातही आढळतो. त्यामुळे विदर्भातून भिलाईत आलेल्या कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. मुलाचे हातपाय किंवा सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर उशीर करू नका. सिकलसेल लोहाच्या गोळीने बरा होत नाही. मुलाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, वारंवार रक्त चढवावे लागत असेल, तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या.

कुठे जावे?

आधी अंगणवाडी, मितानिन किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. पुढील तपासणीसाठी सुपेला येथील लालबहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय किंवा दुर्गचे जिल्हा रुग्णालय आहे. हिमोग्लोबिनचा आकडा विचारून लिहून घ्या. 5 वर्षांखालील बालकात तो 7 पेक्षा आणि मोठ्या मुलांत 8 पेक्षा कमी असेल, तर तो तीव्र रक्तक्षय आहे. अशा वेळी घरी गोळ्या देत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.