कराची ते जुहू : सात तास पंधरा मिनिटे

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ जातीचे एक छोटेसे विमान आकाशात झेपावले. वैमानिक होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. सोबत एकही प्रवासी नव्हता. होते ते ५५ पौंड टपाल. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी हे विमान मुंबईत जुहूला उतरले.

सुरुवात कराचीहूनच का? इम्पीरियल एअरवेजची विमाने १९२९पासून लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणत असत. परंतु मुंबईकडे आणि दक्षिणेकडे जाणारी पत्रे तेथून पुढे आगगाडीने जात. हवेत वाचवलेला वेळ रुळांवर खर्ची पडे. ही उणीव हेरली नेव्हिल व्हिंटसेंट या ब्रिटिश हवाईदलातील माजी वैमानिकाने, आणि आपली योजना त्याने टाटांपुढे ठेवली.

कराची-मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. अहमदाबादमार्गे ते हजारावर जाते. तरीही हा वळसा अपरिहार्य होता, कारण वाटेत पेट्रोल भरणे भाग होते. अहमदाबादला बर्मा शेलचे चार-चार गॅलनचे डबे चक्क बैलगाडीतून विमानापाशी आणले गेले! ताशी शंभर मैलांच्या आसपास धावणाऱ्या यंत्राची गती अशी बैलांच्या चालीशी बांधलेली होती.

जुहूहून पुढचे टपाल स्वतः व्हिंटसेंटने नेले. बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करून तो १६ तारखेला मद्रासला पोहोचला. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, वाटेवर मार्गदर्शक दिवे नव्हते. त्यामुळे सूर्य मावळला की प्रवास थांबे. पावसाळ्यात तर जुहूचे मैदानच चिखलात बुडे आणि सारा कारभार पुण्याला, येरवड्याच्या गवताळ धावपट्टीवर हलवावा लागे. वेळापत्रक ठरवण्यात विमानाइतकाच जमिनीचाही हात होता.

पुढे जमीन सुधारली. सीमा मात्र आली. १९८२ साली, त्याच १५ ऑक्टोबरला, ७८ वर्षांच्या जेआरडींनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवले. या वेळी मात्र ते एका देशातून दुसऱ्या देशात आले होते.

आज या दोन शहरांमध्ये थेट विमानसेवा नाही. दुबईमार्गे जायचे तर सुमारे तीन हजार किलोमीटर कापावे लागतात. केवळ उड्डाणाचेच जवळजवळ पाच तास होतात. दुबईतला थांबा, तपासणी आणि रांगा धरल्या, तर जेट विमानात बसूनही जेआरडींचे सात तास पंधरा मिनिटे गाठणे अवघडच.