छबिलदासचा तिसरा प्रयोग

साठच्या दशकात मुंबईत कुणाला नाटकात उभं राहायचं असेल, तर त्याच्यापुढे ठळक अशा दोनच वाटा होत्या. एक व्यावसायिक रंगभूमीची, दुसरी स्पर्धेची. व्यावसायिक नाटक म्हणजे निर्माता, नाट्यगृहाच्या तारखा, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, नटाची नाईट आणि शनिवार-रविवारचं बुकिंग. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ साली उभं राहिलं आणि हे गणित आणखी पक्कं झालं. तिथे तारीख मिळायची ती नाव असलेल्या निर्मात्याला, आणि निर्माता घ्यायचा तो नाव असलेला नट. नवख्याला फार तर बदली काम मिळे, तेही मूळ नट आजारी पडला तर.

स्पर्धेची वाट जास्त मोकळी होती. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू झाली होती. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली आणि कॉलेजातली पोरं एकांकिका घेऊन भरत नाट्य मंदिरात धडकू लागली. बँकेतले, एलआयसीतले, रेल्वेतले लोक ऑफिस सुटल्यावर तालमीला जमत आणि शेवटची लोकल पकडून घरी जात. गुणी माणसाला इथे दाद नक्की मिळे. पण स्पर्धेच्या नाटकाचं आयुष्य तोकडं असे. प्राथमिक फेरीत एक प्रयोग, नंबर आला तर अंतिम फेरीत दुसरा. त्यानंतर बक्षिसाची ढाल कपाटात आणि सेट कुणाच्या तरी पडवीत.

अडचण होती ती तिसऱ्या प्रयोगाची. पहिल्या प्रयोगात नट वाक्यं आठवतो, दुसऱ्यात चुका दुरुस्त करतो. भूमिका अंगात मुरायला त्यापुढचे प्रयोग लागतात. ते करायचे तर नाट्यगृहाचं भाडं भरायचं, जाहिरात द्यायची, आणि नाव माहीत नसलेल्या लोकांच्या नाटकाला आठशे खुर्च्या भरतील अशी आशा धरायची. हौशी संघाला हे झेपणारं नव्हतं.

विजया मेहतांनी १९६० साली सुरू केलेल्या ‘रंगायन’ने यावर एक तोड काढली. त्यांचा प्रेक्षक ठरलेला असे, वर्गणी भरून सभासद झालेला. विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू ही मंडळी या संस्थेच्या आसपासची. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई यांच्या नावाची इन्स्टिट्यूट हा त्या काळातला मोठा आसरा होता. एकाच आवारात चित्रकारांचे स्टुडिओ, संगीताचे वर्ग आणि नाटकाच्या तालमी चालत. रंगायनच्या तालमीही तिथल्याच. इब्राहिम अल्काझींनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर ‘मेघदूत’ नावाचा मंच केला होता आणि १९६२ साली सत्यदेव दुबे यांनी धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ तिथेच उघड्यावर उभं केलं.

अल्काझी दिल्लीला गेल्यावर त्यांची ‘थिएटर युनिट’ ही संस्था सांभाळली तीही दुबे यांनीच. बिलासपूरचा हा तरुण मुंबईत आला होता क्रिकेटपटू व्हायला. हिंदी आणि मराठी दोन्हीकडे त्यांनी नाटकं केली, नवे नट हेरले, त्यांच्यावर ओरडले आणि त्यांना घडवलं. अमोल पालेकर त्यांच्याच हाताखाली नाटकात आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले पालेकर तेव्हा बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते.

लेखकांनाही अशी एखादी संस्था लागायचीच. महेश एलकुंचवार नागपूरचे, इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथा’त छापून आली. विजयाबाईंनी ती वाचली आणि रंगायनतर्फे रंगमंचावर आणली. मासिकाच्या पानावरून रंगमंचावर जाण्याचा तो एकच दुवा होता, आणि तो फार काळ टिकला नाही. संस्थेत मतभेद झाले आणि सत्तरीच्या सुरुवातीला रंगायन संपलं. भुलाभाईचं आवार त्याआधीच हातचं गेलं होतं. ताडदेवच्या वालचंद टेरेसवर काही काळ प्रयोग झाले, पण कायमचा मुक्काम असा कुठेच नव्हता.

रंगायनमधून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे यांच्यासोबत १९७१ साली ‘आविष्कार’ काढली. पहिलंच नाटक गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’, मराठी अनुवाद तेंडुलकरांचा, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, तुघलकाच्या भूमिकेत अरुण सरनाईक. थाटामाटाचं, मोठ्या खर्चाचं नाटक. असल्या पसाऱ्यावर संस्था चालवणं कठीण आहे, हे लवकरच ध्यानात आलं.

पर्याय सापडला दादर पश्चिमेला, छबिलदास मुलांच्या शाळेत. सुलभाताई याच शाळेत शिक्षिका होत्या, मुलांची नाटकं बसवायच्या. शाळेचा हॉल संध्याकाळी रिकामा असे. १९७४ पासून तिथे आविष्कारचे प्रयोग होऊ लागले, आणि महत्त्वाचं म्हणजे आविष्कारने तो हॉल स्वतःपुरता ठेवला नाही. पुण्याच्या, मुंबईच्या, बाहेरगावच्या कुठल्याही संस्थेने यावं आणि नाटक करावं, असा तिथला रिवाज पडला.

हॉल नाटकासाठी बांधलेला नव्हता. फिरता रंगमंच नाही, मेकअपच्या प्रशस्त खोल्या नाहीत. खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या त्याही संस्थेच्याच पोरांनी. लेव्हल्स वाहून न्यायच्या, दिव्यांचे स्टँड उभे करायचे, वायरी टेपने जमिनीला चिकटवायच्या, तिकिटं फाडायची आणि घंटा झाली की तोंडाला रंग लावून उभं राहायचं. प्रेक्षक इतका जवळ की नटाने आवाज चढवला तर तो खोटा वाटे. शिवाजी मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला जी ढब लागे, ती इथे सोडून द्यावी लागली. मराठी अभिनय खालच्या पट्टीत आला, त्यात या हॉलच्या लांबी-रुंदीचा वाटा आहे.

खाली छबिलदास गल्लीत श्रीकृष्ण बटाटेवड्याचं दुकान. स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे डोंबिवलीचा प्रेक्षकही यायचा आणि बोरिवलीचाही. मध्य आणि पश्चिम रेल्वे जिथे भेटतात तिथे हा हॉल होता, ही गोष्ट साधी दिसते. पण वॉर्डन रोडवरच्या प्रयोगाला गिरगाव-परळचा कारकून जाणं आणि ऑफिसातून परतताना दादरला उतरून नाटक पाहणं, यात फरक होता.

सपाट जमिनीचा वेगळाच फायदा झाला. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या नाटकाला पडदा नको होता, नेपथ्य नको होतं, प्रेक्षकांमधूनच नट वावरायला हवे होते. ‘अनिकेत’ ही संस्था काढलेल्या पालेकरांनी सरकारांचं ‘जुलूस’ मराठीत केलं. व्यावसायिक नाट्यगृहात हे करायचं तर अर्ध्या खुर्च्या उपटाव्या लागल्या असत्या. छबिलदासला खुर्च्या नुसत्या सरकवायच्या होत्या.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले जयदेव आणि रोहिणी हट्टंगडी यांनाही आविष्कारचा आधार मिळाला. लोर्काच्या ‘येर्मा’वरून केलेल्या ‘चांगुणा’चं दिग्दर्शन जयदेव यांनी केलं, मुख्य भूमिका रोहिणीताईंची. पुढे १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात त्या कस्तुरबा झाल्या.

पुण्याकडेही जागेचा नसला तरी छत्राचा प्रश्न होताच. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला, आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पीडीए या संस्थेच्या ज्येष्ठांनी नाटक थांबवलं. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, मार्च १९७३ मध्ये त्यांनी ‘थिएटर अॅकॅडमी’ काढली आणि पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ पुन्हा उभं केलं. त्याच १९७४ साली आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. स्पर्धांमधून वर आलेली ही पिढी. फक्त यांनी स्पर्धा संपल्यावर घरी जायचं नाकारलं.

छबिलदासचं कौतुक करताना एक गोष्ट सहसा मागे राहते: तिथली बरीच नाटकं पडली. काही कळली नाहीत, काही कच्ची होती, काहींना नटांपेक्षा थोडेच अधिक प्रेक्षक होते. पण पडलेल्या नाटकाने कुणाचं घर गहाण पडलं नाही. भाडं थोडं, सेट किरकोळ, मानधन जवळजवळ नाहीच. त्यामुळे आपटलेला दिग्दर्शक पुढच्या वर्षी दुसरी संहिता घेऊन येऊ शके. या स्वस्ताईची किंमत मात्र नटांनी मोजली. नाटकावर पोट भरत नसल्याने नोकरी सुटली नाही, आणि ज्यांनी सोडली त्यांतल्या अनेकांना सिनेमाने किंवा पुढे दूरदर्शनच्या मालिकांनी नेलं.

शाळेच्या मर्जीवर चाललेला हा संसार १९९२ पर्यंत टिकला. अरविंद देशपांडे त्याआधीच, १९८७ साली गेले होते. आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवलं. काकडेकाकांनी तिथेही तालमी, वाचनं, प्रयोग आणि अरविंद देशपांडे यांच्या स्मरणार्थ होणारा महोत्सव चालू ठेवला. आणखीही दारं उघडली होती. जुहूच्या पृथ्वी थिएटरची सुरुवात १९७८ साली झाली ती गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगाने, म्हणजे मराठी प्रायोगिक रंगभूमीच्याच नाटकाने. पंचविशीच्या आतल्या मुलांसाठी ‘थेस्पो’ हा महोत्सव १९९९ पासून होऊ लागला. पुण्यात सुदर्शन रंगमंच आणि ‘द बॉक्स’, मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरमधले बंगले, अशा छोट्या जागांवर आजच्या नव्या कलावंतांची भिस्त आहे.

संधी शोधण्याची रीत बदलली आहे. पूर्वी दुबेंच्या तालमीला जाऊन कोपऱ्यात बसायचं आणि कधी हाक येते याची वाट पाहायची. आता महोत्सवांचे ऑनलाइन अर्ज असतात, नाटकाचा गोषवारा मागतात, दिव्यांची आणि सेटची यादी मागतात, आणि पुष्कळ ठिकाणी संपूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण मागतात. चित्रीकरणासाठी आधी प्रयोग लावावा लागतो, प्रयोगासाठी हॉल घ्यावा लागतो, आणि आरामनगरमधला बंगला असो की पुण्यातला मंच, भाडं आगाऊ भरावं लागतं. त्यासाठी पैसे काढून ठेवणारी मुलं आजही दिवसा ऑफिसात असतात आणि तालीम रात्री आठनंतर सुरू करतात.