डोंगरीची डांगरी आणि डिझेलचा वास

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच माझ्याकडे चंडीगडला राहायला आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर्कशॉपमधून आलो, डांगरी काढली आणि नेहमीप्रमाणे वॉशिंग मशीनमध्ये कोंबली. तिने ती दोन बोटांनी बाहेर काढली, कॉलर हुंगली आणि म्हणाली, "घरातल्या कपड्यांत हे घालतोस? आता आठवडाभर सगळ्यांच्या अंगाला येईल." पुढे एकच शब्द म्हणाली, "दापोडी."

बाबा एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, हे आपल्या शाळांत शिकवतात. ती बस दुसऱ्या दिवशीही धावावी म्हणून ज्यांच्या खाकी कपड्यांत डिझेल आणि ग्रीस मुरलं, त्यांचा धडा कुठे नसतो. बाबा घरी आले की आधी वास यायचा, मग सायकलची घंटा. मी सातवीत असताना ते पालकसभेला ड्यूटीवरूनच आले आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाने नाक दाबलं. पुढच्या सभेची चिठ्ठी मी घरी दिलीच नाही. ते त्यांना कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

असो. मूळ विषय डांगरीचा.

आपल्या माजी सैनिक मंडळींना डांगरी म्हणजे काय ते सांगायला नको. खडकवासल्याला मला पहिली डांगरी मिळाली तेव्हा हा कुठला तरी इंग्रजी शब्द आहे अशीच माझी समजूत होती. इंग्रजीतल्या 'डंगरी'चं आपण केलेलं हे रूप खरं, पण इंग्रजांनी तो शब्द उचलला आपल्याकडून. मुंबईच्या डोंगरी भागात मिळणारं जाडंभरडं सुती कापड म्हणजे 'डोंगरी'. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात तो शब्द नोंदलेला आहे. जहाजांवरचे खलाशी त्या कापडाच्या विजारी घालत, पुढे कापडाचं नाव कपड्याला चिकटलं आणि कारखान्यांतून, रेल्वेतून, फौजेतून तो कपडा 'डांगरी' होऊन आपल्याकडे परत आला. मराठी वाचकाला डोंगरी आठवते ती टिळक-आगरकरांच्या १८८२ सालच्या १०१ दिवसांच्या तुरुंगवासामुळे. जगाला ती आठवते, न कळत का होईना, मेकॅनिकच्या कपड्यामुळे.

फौजेत डांगरीला खरा मान मिळाला तो यांत्रिक युद्धाबरोबर. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे, ट्रक, तोफा यांची संख्या इतकी वाढली की दुरुस्तीसाठी वेगळी कोअर उभारावी लागली. आमची ईएमई १९४३ ची. रणगाडेवाल्यांची डांगरी काळी. तेलाचे डाग दिसू नयेत म्हणून काळी, असं आम्ही ईएमईवाले म्हणतो. ते स्वतः काहीतरी जास्त भारदस्त कारण सांगतात.

डाग लपतो, पण वास लपत नाही. पेट्रोल हलकं, उडून जातं. डिझेलचे रेणू लांब आणि जड, ते सावकाश उडतात, म्हणून कपडा वाळल्यावरही दिवसेंदिवस वास देत राहतो. गिअर ऑइलचा उग्र वास त्यात घातलेल्या गंधक-फॉस्फरसच्या संयुगांचा. त्यात आजची डांगरी बहुधा टेरिकॉट. पॉलिएस्टर हे मुळात खनिज तेलातूनच आलेलं. त्याला पाण्याचं प्रेम नाही, तेलाचं आहे. जुनं सुती ड्रिलचं कापड उकळत्या पाण्यात टाकता यायचं, टेरिकॉट तसं उकळलं की चुरगळून बसतं. कापड टिकाऊ झालं, इस्त्री सोपी झाली आणि वास मात्र जास्त चिवट झाला.

आता पंजाबकडे येतो. आज नकाशावर सरहद्दीपलीकडे गेलेल्या मुलतान, झंग, माँटगोमेरी या भागांत खारट जमिनीवर लाणा नावाची झुडपं वाढतात. ती कापून, वाळवून खड्ड्यात जाळत. जळताना त्यांतून रस गळून तळाशी साचे आणि थंड झाला की दगडासारखा घट्ट होई. ती सज्जी. तिच्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडाच. पंजाबचा धोबी कपडे सज्जीच्या पाण्यात बुचकळून भट्टीवर चढवी आणि रात्रभर वाफ देई. क्षार आणि वाफ मिळून तेलकटपणा सोडवत, उरलेलं काम घाटावरचा दगड करी. इंग्रजांच्या छावण्यांमधले कपडेही याच भट्टीतून निघत. आपल्या पापडांतला पापडखार त्याच कुळातला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पापडाचं आणि परटाचं दुकान एकच." सज्जीचा धंदा पुढे मोडला तो कारखान्यांतल्या सोड्यामुळे. आधी तो विलायतेहून येई. मग १९३९ साली मिठापूरला टाटा केमिकल्सची सुरुवात झाली आणि समुद्राच्या मिठापासून सोडा इथेच बनू लागला.

साबणाची गोष्ट वेगळी. लिव्हरचा सनलाइट १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पण साबणाचं जड पाण्याशी पटत नाही. पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा चोथा होतो आणि तो चोथा तेलाला धरून कापडातच बसतो. म्हणूनच पहिल्या महायुद्धात चरबी मिळेना म्हणून जर्मनांनी सुरू केलेली कृत्रिम डिटर्जंटची खटपट पुढे जगभर पसरली. आपल्याकडे १९५९ मध्ये सर्फ आला आणि १९६९ मध्ये निरमा. आईच्या मते आमच्या घरात क्रांती झाली ती निरमामुळे, कारण सर्फ पाहुण्यांच्या चादरींसाठी असायचा. बाबांच्या कपड्यांसाठी तिची वेगळी बादली होती, वेगळा ब्रश होता आणि कागदाच्या पुडीतला सोडा होता. रॉकेल ती त्या कपड्यांच्या आसपास फिरकू देत नसे.

इथे मला थांबायला हवं, कारण या लेखाचं खरं कारण हे आहे.

तेलाने तेल निघतं हे खरं. ड्रायक्लीनिंगचा धंदाच त्यावर उभा राहिला. १९ व्या शतकात पॅरिसमध्ये टेबलक्लॉथवर दिव्याचं तेल सांडलं आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, अशी त्याच्या जन्माची गोष्ट सांगतात. गॅरेजांत आणि आमच्या वर्कशॉपांतही पेट्रोलमध्ये डांगरी खळबळून काढायची सवय फार जुनी. २००० सालापर्यंत तर आपल्या पेट्रोलमध्ये शिसंही असायचं आणि ते कातडीतून अंगात जायचं. मी कॅप्टन असताना उंचावरच्या एका पोस्टिंगमध्ये एका तरुण क्राफ्ट्समनला असं करताना पाहिलं. सोमवारी इन्स्पेक्शन होतं, डांगरीला वास नको होता, गरम पाणी मोजून मिळत होतं. मी पाहिलं आणि पुढे गेलो. आम्ही सगळेच तसं करायचो. त्याने ती पिळली आणि बुखारीच्या खोलीत टांगली. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत विस्तवापर्यंत जाते. थंडी आहे म्हणून धोका कमी, हा हिशेब तिथे चालत नाही. तो वाचला. दोन्ही हात आणि छातीचा डावा भाग भाजला. हेलिकॉप्टरची वाट पाहत त्याच्याजवळ बसलो होतो, तेव्हा तो मलाच म्हणाला, "साब, गलती हो गई." चौकशीत माझा जबाब झाला, त्यात मी पाहिलं होतं हे मी सांगितलं. लेखी ताकीद मिळाली. मला ती कमीच वाटली.

तेव्हापासून माझ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये कपड्यांच्या जवळ पेट्रोल दिसलं तर मी सुभेदार साहेबांपासून सगळ्यांचं डोकं खातो. पण नुसता हुकूम पुरत नाही. मुलांना वास जाण्याचा दुसरा उपाय द्यावा लागतो, आणि तो मला नीट येत नव्हता हे आईने दाखवून दिलं.

तिची पद्धत अशी. तेलकट कपडा आल्या आल्या पाण्यात बुडवायचा नाही. आधी उघड्या हवेत टांगायचा, जेवढं उडून जाईल तेवढं जाऊ दे. कॉलर, कोपर, गुडघे इथे कोरड्या कपड्यावरच भांडी घासायचं लिक्विड चोळून अर्धा तास ठेवायचं, कारण पाणी आधी लागलं तर तेल आणि साबण यांची गाठच पडत नाही. मग हाताला सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात धुण्याचा सोडा, बादलीला साधारण अर्धी वाटी, आणि त्यात रात्रभर. सोडा हाताला खातो, तेव्हा हातमोजे घालायचे. लोकरीला आणि रेशमाला तो चालत नाही. सकाळी ते काळं पाणी फेकून डिटर्जंटमध्ये एकटीच डांगरी धुवायची, मशीन अर्धं रिकामं ठेवून. माझी बायको व्हिनेगर घालणार होती. आईने विचारलं, "सोड्यात आंबट घातल्यावर सोडा राहील का?" केमिस्ट्री बारावीपर्यंत मी शिकलो, ती नाही. आणि वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही, ड्रायर नाही. उष्णतेने तेल धाग्यात पक्कं बसतं, शिवाय तेलकट कपडा तापवणं म्हणजे पुन्हा विस्तवाशी खेळ. सुगंधी पावडरीबद्दल तिचं मत छापण्यासारखं नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये आता गरम पाण्याचा एक गीझर, सोड्याची एक कोठी आणि तीन मोठे टब आले आहेत. मनीमाजऱ्याच्या बाजारातून सोडा आणायला गेलेल्या हवालदाराला दुकानदाराने विचारलं, "लंगरात एवढे पापड?"

त्या डांगरीची तिसरी धुणी काल झाली. मागच्या अंगणात दोरीवर होती. आई उन्हात खुर्ची टाकून बसली होती, उठली, कॉलर नाकाशी धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"गेला का?" मी विचारलं.

"थोडा आहे," ती म्हणाली. "राहू दे."